वजन आणि भविष्य

रेल्वेच्या फलाटावर उभें असणारें वजनाचें यंत्र पुष्कळ वाचकांस स्मरत असेल. उंच लोखंडी पेटी, तिच्या माथ्यावर लुकलुकणारे रंगीत दिवे आणि कांचेआड गरगर फिरणारें एक चक्र. पायरीवर उभें राहून नाणें टाकलें कीं आंत कांहीं वेळ खडखडाट होई आणि खालच्या खोबणींत जाड कागदाचें लहानसें तिकीट येऊन पडे. त्यावर वजनाचा आंकडा असे, आणि त्याच तिकिटावर दोन ओळींत आपला स्वभाव व भविष्यही छापलेलें असे. वडील माणसें आंकडा वाचीत, मुलें भविष्य वाचीत. गाडी आली कीं तिकीट खिशांत जाई व विसरलें जाई. आम्हांसही तो खेळच वाटे. पुढें माणसाच्या वजनाचा इतिहास थोडाबहुत वाचावयास मिळाला तेव्हां ध्यानांत आलें कीं, वजन आणि भविष्य हीं एका कागदावर आणण्याची युक्ति त्या यंत्रवाल्याची नव्हे. ती विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत निघाली, आणि तेथें तिला कोणी खेळ समजत नव्हते.

आज कोणत्याही दवाखान्यांत पाऊल टाकलें कीं प्रथम वजन होतें, मग उंची पाहिली जाते, आणि कोष्टकावरून बोट फिरून माणूस ‘ठीक’, ‘जास्त’ किंवा ‘लठ्ठ’ ठरतो. हें कोष्टक वैद्यांनीं रोग्यांच्या खाटेपाशीं बसून, वर्षानुवर्षें निरीक्षण करून बनविलें असावें, अशी आपली सहजच समजूत असते. वास्तविक त्यामागील सूत्र प्रथम मांडलें एका ज्योतिर्विदानें. वजनाचीं कोष्टकें व्यवहारांत आणलीं विमेवाल्यांनीं. आणि त्या सूत्रास आजचें नांव दिलें तें विमेवाल्यांच्या कोष्टकांवर रागावलेल्या एका शरीरशास्त्रज्ञानें. समोर उभ्या असलेल्या एका माणसाची प्रकृति ओळखणें हें ह्यांपैकीं कोणाचेंही काम नव्हतें. त्यांस हजारोंचा हिशेब करावयाचा होता. हजारोंच्या हिशेबाचें माप एकट्यादुकट्याच्या अंगाला लावल्यानें काय काय घडलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

माणसास तोलण्याची चाल मात्र ह्या सर्वांहून फार जुनी, आणि तिचा रोख अगदीं उलट होता. तुलापुरुषदान हें आपल्याकडील महादानांत गणलें जाई. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगीं शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. मोगल बादशाह वाढदिवशीं स्वतःस सोन्यारुप्यानें तोलवीत. जहांगीराच्या दरबारीं आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो यानें तो सोहळा आपल्या रोजनिशींत लिहून ठेविला आहे. १९३६ सालीं मुंबईंत तिसऱ्या आगाखानांची सोन्यानें तुला झाली व १९४६ सालीं तेथेंच हिऱ्यांनीं. आगाखान अंगानें चांगलेच भरलेले होते. पारड्यांत माणूस जितका जड, तितकें दान मोठें, असा हा सरळ हिशेब. त्यांत वजन कमी भरावें अशी इच्छा बाळगणारा फार तर खजिनदारच असेल.

आपल्या भाषेंतही हाच भाव मुरलेला आहे. मूल ‘बाळसें धरतें’. लेक सासरहून आली म्हणजे तिचें अंग भरलें कीं नाहीं, हें आई उंबरठ्यावरच पाहून घेते. आजारांतून उठलेल्याची ‘तब्येत सुधारली’ याचा अर्थ त्याच्या गालांवर मांस चढलें. ‘खात्यापित्या घरचा’ ह्या दोन शब्दांत पोटाचा घेर आणि कोठींतील सांठा हीं दोन्हीं एकदमच सांगितलीं जातात. उलट ‘वाळला’, ‘खंगला’, ‘अंगाचा सांपळा झाला’ हे सगळे काळजीचे शब्द. ज्या प्रांतानें १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला, १८९६ पासून प्लेग पाहिला आणि ज्याच्या चाळींतून क्षय घर करून राहिला, त्या प्रांतास अंगावरील मेद हा वैरी न वाटतां अडीअडचणीची ठेव वाटावी, यांत नवल नाहीं. लंबोदर हें ज्याचें नांव त्याच्याच पुढें आपण प्रत्येक कार्यारंभीं हात जोडतों.

परंतु आपल्या वैद्यकाची भाषा ह्या लोकभाषेहून निराळी होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायाचें नांवच ‘अष्टौनिन्दितीय’ असें आहे. निंदित ठरलेल्या आठ शरीरांच्या तेथें चार जोड्या आहेत: फार उंच व फार ठेंगणा, फार केसाळ व केशहीन, फार काळा व फार गोरा, आणि फार स्थूल व फार कृश. शेवटल्या जोडीकडे ग्रंथकार विशेष लक्ष देतो. अतिस्थूलाचे आठ दोष तो सांगतो ते असे: आयुष्याचा ऱ्हास, हालचालींत मांद्य, मैथुनांत अडचण, दुर्बलता, दुर्गंधि, घामाचा त्रास, अतिशय भूक आणि अतिशय तहान. दोहोंत कृश बरा, असाही त्याचा निवाडा आहे. कारण दोघांस सारखाच रोग झाला तर तो स्थूलास अधिक पीडा देतो. येथपर्यंत आधुनिक डॉक्टरही मान डोलावील. मात्र ह्या अध्यायांतील दोन गोष्टी आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही कीं, निंदा आहे ती ‘अति’ची. चांगल्या शरीराचा माणूस किती भरावा, याचा आंकडा चरक देत नाहीं. मांस योग्य प्रमाणांत आहे कीं नाहीं, बांधा घट्ट आहे कीं नाहीं, इंद्रियें बळकट आहेत कीं नाहींत, भूक-तहान, ऊन-थंडी व श्रम हीं सोसतात कीं नाहीं, एवढें तो पाहावयास सांगतो. दुसरी गोष्ट कारणांची. जड, गोड, थंड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप, नित्य हर्ष व चिंता नसणें, अशीं कारणें मोजीत मोजीत तो शेवटीं ‘बीजस्वभाव’ हा शब्द घालतो. म्हणजे आईबापांकडून आलेला पिंड. १९८६ सालीं डेन्मार्कमधील ५४० दत्तक गेलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत असें दिसलें कीं, मोठेपणीं त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशीं जुळे, वाढविणाऱ्या आईबापांशीं तिचा संबंध दिसत नसे. यादीच्या शेवटीं बसलेल्या त्या एका शब्दाची किंमत अशी फार उशिरां कळली.

युरोपांत माणसास तराजूंत घालण्याचें शास्त्रीय काम प्रथम पादुआ येथील सांतोरिओ नांवाच्या वैद्यानें केलें. मोठ्या तराजूच्या दांडीस त्यानें खुर्ची टांगली, आणि जेवणापूर्वीं व जेवणानंतर, निजण्यापूर्वीं व उठल्यानंतर तो तींत बसून स्वतःस तोलूं लागला. हा उद्योग त्यानें सुमारें तीस वर्षें चालविला, व १६१४ सालीं त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पोटांत गेलेल्या अन्नपाण्याचा मोठा भाग मलमूत्रावाटे न जातां त्वचेवाटे व श्वासावाटे अदृश्यपणें निघून जातो, हा त्याचा शोध. त्यास शेजाऱ्याच्या वजनाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तो स्वतःची तुलना स्वतःच्याच कालच्या वजनाशीं करी.

शेजाऱ्याशीं तुलना करण्याचें शास्त्र रचलें तें बेल्जममधील अडोल्फ केतले यानें. ब्रुसेल्स येथील वेधशाळा त्याच्याच खटपटीनें उभी राहिली. आकाशस्थ गोलाचे वेध घेतांना एकच गोल निरनिराळ्या निरीक्षकांस किंचित् निरनिराळ्या जागीं दिसतो. सर्व वेधांची सरासरी काढली म्हणजे खऱ्या जागेच्या जवळ जातां येतें. ज्योतिषांतील हें तंत्र केतलेनें माणसांस लाविलें. १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें ‘सरासरीचा मनुष्य’ पुढें मांडला. वेध जसे ताऱ्याच्या खऱ्या स्थानाभोंवतीं विखुरतात, तशींच माणसें ह्या सरासरीच्या मनुष्याभोंवतीं विखुरलेलीं आहेत. जणूं काय आपण सर्व जण निसर्गाच्या मनांतील एकाच आकृतीचे चुकलेले वेध आहों! कल्पना मोठी मोहक, आणि आमच्या मतें तितकीच घातक. कारण तारा एकच असतो व वेध अनेक. येथें मुळांत माणसेंच अनेक आहेत. ह्याच उद्योगांत केतलेस आढळलें कीं, वाढ पुरी झालेल्या माणसांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, एवढेंच तें सूत्र. लठ्ठपणा किंवा रोग यांविषयीं त्यास यांतून कांहींच सिद्ध करावयाचें नव्हतें. १८७४ सालीं तो वारला. आपला भागाकार पुढें दवाखान्यांच्या भिंतींवर लागेल, हें त्याच्या स्वप्नींही नसावें.

केतलेच्याच वयाचा एक गृहस्थ त्या सुमारास लंडनमध्यें होता. विल्यम बँटिंग त्याचें नांव. अंत्यविधीची सर्व व्यवस्था करून देण्याचा त्याच्या घराण्याचा धंदा, आणि तोही राजघराण्यापर्यंत पोंचलेला. १८५२ सालीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची भव्य अंत्ययात्रा निघाली, तिची व्यवस्था ह्याच घराण्याकडे होती. पांच फूट पांच इंच उंचीच्या बँटिंगचें वजन १८६२ च्या ऑगस्टांत २०२ पौंड भरलें. त्यास वाकून बुटाची नाडी बांधतां येईना. गुडघ्यांवर भार पडूं नये म्हणून जिना पाठमोरें उतरावा लागे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानें पहांटे नाव वल्हविली, तों भूकच वाढली. औषधी झऱ्यांचें पाणी झालें, वाफेचीं स्नानें झालीं. शेवटीं ऐकूं कमी येऊं लागलें म्हणून तो विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या डॉक्टराकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो हा नव्हे; तो दोनशें वर्षें आधींचा.) ह्यानें पाव, लोणी, दूध, साखर, बीर आणि बटाटे बंद केले. वर्षभरांत बँटिंग ४६ पौंडांनीं उतरला, त्यास ऐकूं चांगलें येऊं लागलें, आणि त्या आनंदांत त्यानें १८६३ सालीं स्वखर्चानें एक चोपडें छापून फुकट वांटलें. तें इतकें गाजलें कीं त्याचें आडनांवच क्रियापद झालें. स्वीडिश भाषेंत वजन उतरविण्यास अजूनही त्याच्याच नांवावरून पडलेला शब्द वापरतात.

पुढील दीडशें वर्षांत निघालेल्या शेंकडों आहारपद्धतींचा हा मूळ पुरुष. परंतु आम्हांस त्या चोपड्यांत आहारापेक्षां लाज अधिक बोलकी वाटते. लोकांच्या टवाळीला भिऊन आपण चारचौघांत जाणें टाळूं लागलों, असें हा पासष्टीचा प्रतिष्ठित व्यापारी लिहितो. ज्याच्या धंद्यांत निर्जीव शरीरालाही टोपी काढून मान दिला जाई, त्याच्या सजीव शरीराला रस्त्यांत तो मिळत नव्हता. आणि खादाड व आळशी हीं विशेषणें ज्याला लागलीं, तो तर पहांटे उठून थेम्स नदीवर वल्हें मारीत होता!

आतां विमेवाल्यांकडे वळूं. विमा म्हणजे मरणावर लावलेली पैज असें कोणी म्हणतात तें अगदींच खोटें नाहीं. कोण केव्हां मरेल हें कंपनीस कळत नाहीं, व कळण्याची जरुरीही नसते. अमुक प्रकारच्या हजार माणसांपैकीं वर्षांत किती मरतील, हें कळलें कीं हप्ता ठरवितां येतो. म्हणून कंपनीच्या दृष्टीनें माणूस नसतो, वर्ग असतो. ह्या वर्ग पाडण्याची चव आपणही चाखलेली आहे. एकोणिसाव्या शतकांत विलायती कंपन्या हिंदी माणसाच्या जिवाचा विमा उतरतांना केवळ तो हिंदी म्हणून जादा हप्ता घेत. १८७० सालीं मुंबईंत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली, तिनें हिंदी जिवांचा विमा नेहमींच्या दरानें उतरण्यास आरंभ केला. एका वर्गांत पडल्यामुळें माणसास काय भरावें लागतें, हें यावरून दिसेल.

वजन हा असाच एक वर्ग होता, आणि विमेवाल्यांना तो फार सोयीचा. काटा सर्वत्र मिळतो व त्याला वाद घालतां येत नाहीं. अमेरिका व कानडा येथील ४३ कंपन्यांनीं १८८५ ते १९०८ पर्यंतच्या विमेदारांची मोठी गणना करून १९१२ पासून ती प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष एकसुरी नव्हता. वय वाढलेल्यांत जाड माणसें लवकर मरत हें खरें. पण तरुण वयांत थोडा भरलेला माणूस सडपातळापेक्षां अधिक जगे, कारण त्या काळीं तरुणांस नेणारा मुख्य रोग क्षय होता. म्हणजे योग्य वजन हें वयावर आणि गांवांत कोणता रोग फिरत आहे त्यावर अवलंबून होतें. पुढच्या कोष्टकांत हा बारकावा राहिला नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन लाइफ कंपनीनें १९४२ सालीं बायकांचें व १९४३ सालीं पुरुषांचें ‘आदर्श’ वजन छापलें. त्यांत वयाचे रकाने नव्हते. पंचविशींत जें वजन तेंच जन्मभर. त्याऐवजीं लहान, मध्यम व मोठा असे बांध्याचे तीन रकाने होते. मात्र आपला बांधा कोणता हें ओळखण्याची रीत कोठेंच दिलेली नव्हती. १९५९ सालीं ‘आदर्श’ हा शब्द जाऊन ‘इष्ट’ हा आला. ह्या कोष्टकांतील वजन अंगावरील कपड्यांसह आणि उंची बुटांसह धरलेली. पुरुषांची टांच एक इंच, बायकांची दोन इंच! शिवाय ज्यांच्यावरून तें रचलें ते सर्व विमा परवडणारे, बहुतेक गोरे, मध्यम वर्गांतील लोक. १९८३ सालीं त्याच कंपनीनें बहुतेक वजनें वर सरकविलीं. टांचेच्या बुटांतून निघालेलें हें शास्त्र जगभर डॉक्टरांच्या मेजांवर, शाळांच्या पुस्तकांत आणि साप्ताहिकांच्या बायकांच्या पानांवर पोंचलें, आणि त्याच्याखालीं कोणाच्या तोंडच्या उंच्या व कोणाचीं वजनें आहेत, हें कोणी विचारलें नाहीं.

विचारलें तें अन्सेल कीज यानें. मिनेसोटा विद्यापीठांतील हा शरीरशास्त्रज्ञ भुकेचा मोठा अभ्यासक होता. दुसऱ्या महायुद्धांत शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ तरुणांवर, त्यांच्या संमतीनें, त्यानें १९४४-४५ सालीं एक प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांस अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें उतरलें. त्या दिवसांत हे सुशिक्षित तरुण पाककृतींचीं पुस्तकें पोथीसारखीं वाचीत बसत, ताटें चाटून स्वच्छ करीत, चिडत, रडत. पुन्हां पोटभर अन्न मिळूं लागल्यावर त्यांच्या अंगावर पूर्वींपेक्षां अधिक चरबी चढली. शरीर आपल्या ठेवीचें रक्षण कसें करतें, याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. ‘थोडें कमी खा’ असें लठ्ठ माणसास सहज सुनावणाऱ्यानें हें प्रकरण एकदां वाचावें.

ह्याच कीजनें १९७२ सालीं पांच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांचीं मापें घेऊन वजनाचीं निरनिराळीं सूत्रें ताडून पाहिलीं. विमेवाल्यांच्या कोष्टकांस त्यानें निकालांत काढलें, आणि केतलेचा जुना भागाकार पुन्हां वर काढून त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ असें नांव दिलें. हें सूत्र उत्कृष्ट आहे असें त्याचें म्हणणें नव्हतें. इतरांपेक्षां वाईट नाहीं आणि करावयास सोपें, एवढेंच. आणि तेंही समूहांच्या अभ्यासासाठीं. पुरुषांवरून काढलेलें हें माप बायकांस, मापें घेतलीं त्यांहून निराळ्या वंशांच्या लोकांस, आणि अखेरीस एकेका रोग्यास कसें लागू झालें, त्याचा इतिहास सोयीचा इतिहास आहे. भागाकार फुकट असतो.

मग रेघा कोठें ओढावयाच्या, हा प्रश्न. १९८५ सालीं अमेरिकेंतील सरकारी वैद्यकीय परिषदेनें पुरुषांस २७.८ व बायकांस २७.३ ही जास्त वजनाची सीमा धरली. १९९८ सालीं ती दोघांस २५ अशी खालीं आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंकड्यांशीं मेळ बसावा, हाही त्यांत एक हेतु होता. त्या एका निर्णयानें २.५ कोटींहून अधिक अमेरिकन माणसें रात्रीं ठीक वजनाचीं निजलीं व सकाळीं जास्त वजनाचीं उठलीं. अंगावर एक तोळाही चढला नव्हता.

यावरून लठ्ठपणा निरुपद्रवी आहे असें कोणी समजूं नये. फार वजन वाढलेल्यांत मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, सांध्यांचे विकार आणि कांहीं प्रकारचे कर्करोग अधिक होतात, हें निर्विवाद आहे. चरकानें सांगितलेला आयुष्याचा ऱ्हासही खोटा नाहीं. वाद आहे तो मधल्या पट्ट्याचा. २०१३ सालीं ९७ पाहण्यांचा एकत्र विचार करून असें प्रसिद्ध झालें कीं, २५ ते ३० या ‘जास्त’ गटांतील माणसें ‘ठीक’ गटापेक्षां किंचित् कमीच मरतात. त्यावर मोठें वादळ उठलें. धूम्रपान करणारे व आधींच आजारानें वाळलेले लोक वगळले तर हें उलटें दिसतें, असें २०१६ सालच्या दुसऱ्या एका प्रचंड गणनेनें दाखविलें. दोन्हीं पक्षांकडे विद्वान् आहेत. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसास एवढेंच दिसतें कीं, ज्या रेघेच्या अल्याडपल्याड तज्ज्ञांचें एकमत होत नाहीं, तीच रेघ माणसाच्या शीलाची परीक्षा म्हणून वापरली जाते.

आमच्या वाचकांच्या दृष्टीनें ह्या इतिहासांतील सर्वांत जवळचें प्रकरण पुण्याचें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाच्या रोग्यांत असे पुष्कळ दिसत, कीं जे कोष्टकाप्रमाणें मुळींच जाड नव्हते. १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांची, गरोदर होण्यापूर्वींपासूनची पाहणी सुरू झाली. त्यांच्या पोटीं आलेल्या मुलांचीं मापें इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलांशीं ताडून पाहिलीं. तिकडचें मूल सुमारें साडेतीन किलो, इकडचें सुमारें २.७ किलो. हातपाय, पोट, डोकें, सर्वच लहान. परंतु पाठीवरच्या कातडीखालील चरबी त्या मानानें पुष्कळच राखलेली. बाळसें धरण्याच्या आधींच ह्या कृश बालकांत मेदानें आपली जागा धरून ठेविली होती. कमी पडलें होतें तें मांस.

मग २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत एक छायाचित्र आलें. त्यांत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन हे दोघे शेजारीं शेजारीं आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, कोष्टकाच्या दृष्टीनें दोघे जुळे भाऊ. यंत्रानें शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. संशोधकानें स्वतःचेंच शरीर पुराव्यांत दाखल करावें, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. सांतोरिओची खुर्ची आठवली. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं २३ पासूनच सावध व्हावें असें सुचविलें, आणि २००९ सालीं भारतांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून २३ च्या पुढें जास्त वजन व २५ च्या पुढें लठ्ठपणा अशा रेघा ओढल्या. केतलेचा सरासरीचा मनुष्य बेल्जमचा होता, हें उमगावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

हे आंकडे आम्हांस कोरडे वाटत नाहींत, त्याचें कारण घरचें आहे. आमच्या परिचयाचे एक शिक्षक होते. उंची साडेपांच फूट, वजन अठ्ठावन्न किलो, रोज सायकलीवर शाळेंत जाणारे. त्यांच्या काटक बांध्याचें उदाहरण आम्हां लठ्ठांना नेहमीं दिलें जाई. त्यांस कधीं कोणी रक्त तपासावयास सांगितलें नाहीं. पायाला चप्पल लागून झालेली जखम दोन महिने भरेना तेव्हां साखर निघाली, आणि तोंवर दोन बोटें गेलीं. ‘इतक्या सडपातळ माणसाला साखर?’ असा प्रश्न त्यांस भेटावयास आलेला प्रत्येक जण करी, जणूं काय त्यांनीं कांहीं लबाडी केली होती. उलट आमची एक मावशी चांगली जाड. जिना चढतांना धाप लागते म्हणून ती डॉक्टरकडे गेली, तों काट्यावर उभें करून ‘आधीं वजन उतरवा’ असें सांगितलें गेलें. दुसरीकडे गेली, तेथेंही तेंच. तिनें भात सोडला, उपास केले, थोडी उतरली, पुन्हां चढली, धाप होतीच. मग ती डॉक्टरकडे जाईनाशी झाली. ‘तोंच श्लोक पुन्हां कोण ऐकणार,’ असें म्हणे. नऊ वर्षांनीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं तिच्या छातीला नळी लावली. लहानपणच्या सांधेतापानें हृदयाची झडप बिघडलेली होती. तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. मावशी गेली तेव्हां तिचें वजन फार उतरलेलें होतें, आणि समाचाराला आलेल्या एका बाईंनीं आजारपणांत तिची अंगलट कशी चांगली झाली होती, हें सांगितलें.

२०२५ च्या जानेवारींत जगांतील तज्ज्ञांच्या एका मोठ्या मंडळानें असा अभिप्राय प्रसिद्ध केला कीं, केवळ ह्या भागाकारावरून कोणासही लठ्ठपणाचा रोगी ठरवूं नये; कंबर मोजावी, शक्य तेथें चरबी मोजावी, आणि मुख्य म्हणजे त्या चरबीनें एखाद्या अवयवाचें काम खरोखरच बिघडविलें आहे काय, हें पाहावें. चरकाच्या प्रश्नांशीं ह्याची बरीच सोयरीक आहे. वीस मिनिटांत चाळीस रोगी पाहणाऱ्या दवाखान्यांत हें कितपत चालेल, तें दिसेलच.

पुण्याजवळच्या त्या खेड्यांत पाहणीच्या आरंभीं जन्मलेलीं मुलें आतां तिशींत आलीं आहेत. २०१२ सालीं, तीं वयांत येत असतांना, त्यांस ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली, कारण पुढें त्यांच्या पोटीं येणाऱ्या बालकांत मेद व मांस यांचें प्रमाण बदलतें काय, हें पाहावयाचें होतें. तीं बालकेंही आतां जन्मास आलीं आहेत. त्यांना तोलतांना काट्याशेजारीं मोजपट्टी असते, कातडीची घडी मोजण्याचा चिमटा असतो, आणि वहींत आईच्याच नव्हे तर आजीच्याही मापांचा रकाना भरलेला असतो.